कंबर नव्हती, महाराजा

वयनी, काल तुझं तेरावं झालं. वडे झाले, काळ्या वाटाण्यांचं सांबारं झालं, खीर झाली. माणसं जेवून, हात धुवून, पान लावून गेली. जाताना जो तो बाबांना एकच सांगत होता, 'कमरेच्या दुखण्यान गेली बिचारी.' आणि बाबा मान हलवत होते. मी पडवीत पत्रावळींचा भारा घेऊन उभी होते. वाटत होतं, भारा तिथेच टाकावा आणि ओरडावं, अरे मेल्यांनो, कंबर नव्हती! कंबर दुखून धडधाकट बाई मरते होय? पण तू मला सदानकदा सांगायचीस, 'सुमा, तोंड आवर गो, तुज्या तोंडापायी एक दिवस घराक आग लागात.' म्हणून काल आवरलं. आज नाही आवरलं. ते शेवटी सांगते.

आधी भांडून घेते. तुझ्याशी नाही तर कोणाशी भांडू? ह्या घरात मला उलट बोलणारी तू एकटीच होतीस. बाकीचे एक तर घाबरतात, नाहीतर गप्प बसतात.

तुझी हळद उतरायच्या आत मी कुंकू पुसून माहेरी परत आले. आठवतं? तू ह्या घरची नवी सून आणि मी ह्या घरची नवी रांडमुंड लेक. आये म्हणाली, 'आता ही चुलीकडे बसात.' तू परातीत पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, 'चुलीकडे मी आसंय मा. एका चुलीक दोगी कित्याक? शाळेत हुशार होती म्हणतत, तिका फायनलीक बसवा.' नव्या सुनेने असं बोलायचं असतं? आयेने तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. तू त्या अबोल्यात सुखाने गाणी म्हणत भांडी घासलीस. मी परीक्षा दिली, मास्तरीण झाले. माझ्या वाटणीचं पाणी तू भरलंस, माझ्या वाटणीचं भात तू कांडलंस, आणि मी पाटी-पुस्तक घेऊन बांधावरून शाळेत चालत गेले. आज गावात लहानथोर मला बाई म्हणतात ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर म्हणाली असतीस, 'भाषाण पुरे, ती तपेली विसळ आधी.'

तुझी पहिली दोन पोरं राहिली नाहीत. झिलगा जन्मला तोच निपचित. दुसरी मुलगी, तिने जेमतेम डोळे उघडले, तुझ्याकडे पाहिलं न पाहिलं आणि मिटले. मग मंदा झाली. केवढी अडलीस तू! सुईणीने पोटावर कोपराने दाबलं, आयेने मागून धरलं, बाहेर बाबा देवाचं नाव घेत फेऱ्या मारत होते. मंदा रडली आणि सगळे म्हणाले, सुटली एकदाची. सुटली कसली! पाऊस लागला, भाताचा तरवा तयार झाला, आणि मंदाला पाळण्यात टाकून तू गुडघाभर चिखलात लावणीला उतरलीस. मी आयेला म्हटलं, ओली बाळंतीण आहे ती. आये म्हणाली, 'आमी काय केलंव नाय? माका काय झाला?' माका काय झाला, म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेव, वयनी. मलाही आज सकाळपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

मला तुझं दुखणं कळलं ते तुझ्या जेवणावरून. तू म्हणजे मांडी ठोकून बसणारी. बांगड्याच्या तिखल्यात भात कालवून असा ओरपायचीस की बाबा पडवीतून मुद्दाम खाकरायचे. तीच तू उभ्याने जेवायला लागलीस. कधी उंबऱ्याला टेकून, कधी एका अंगावर कलून. विचारलं तर म्हणायचीस, भूक नाही. मग एकदा काजीखाली बोंडं गोळा करताना तू टोपली टाकून झाडाला धरून उभी राहिलीस, घामाने डबडबलेली, आणि मी तुझा हातच धरला.

'सुमा, माजां आंग भायर येता,' तू म्हणालीस.

मला आधी कळेचना. मी विधवा, मूल नाही, बाळ नाही. मला काय ठाऊक?

'खालचां गो! गर्भाची पिशवी. हातान आत ढकलूक लागता. कळशी उचलली की परत खाली. खोकल्यार खाली. शिंकल्यार खाली.'

'केवापासून?'

'मंदा झाली तेवापासून.'

'आणि कोणाक सांगूक नाय तू?'

'काय म्हणान सांगू? तुज्या बापाशीक सांगू, मामंजीनू, माजो गर्भ उंबऱ्यात येवन बसलोहा, पाट देवा?'

आणि तू हसलीस. डोळ्यांत पाणी आणि तोंडाने हसू. मीही हसले, आणि मग दोघी त्या बोंडांच्या वासात बसून रडलो.

तेव्हापासून मी कान टवकारले. आणि एकदा कान उघडले की काय काय ऐकू येतं! पाणवठ्यावर, देवळाच्या मागे, सुकत घातलेल्या मासळीपाशी. बायका कुजबुजतात, 'तिचां पडलाहा,' 'तिका पट्टो बांदूक लागता.' कोणी चिंध्यांचा बोळा आत धरून लावणी लावते, कोणी लुगड्याचा काष्टा आवळून मीठ वाहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि सगळ्या बायका आपापल्या घरी पुरुषांना सांगतात, कंबर दुखते.

दादा मुंबईहून आला तेव्हा तू त्याला सांगितलंस, एवढं बरं केलंस. तो तुला एका मोठ्या गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरने तुझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही, दादाशीच बोलला. 'पिशवी काढून टाकू. एक मूल आहे ना? मग आता तिचा उपयोग काय?' तू तिथून उठून सरळ चालू पडलीस. दादा चपला हातात घेऊन तुझ्यामागे धावला म्हणे.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, वयनी, काढून टाक, जीव तर सुटेल. तू आयेची चंची उचललीस, ती पानसुपारीची, कप्प्याकप्प्यांची, आणि माझ्या नाकापुढे नाचवलीस. 'दोरी सैल झाली म्हणान आयेन चंची कदी उकिरड्यार टाकल्यान? दोरी बदलता मा ती? मगे?' मी म्हटलं, ती चंची आहे आणि हे शरीर आहे. तर तू एकदम शांत झालीस. म्हणालीस, 'सुमा, माजी ती दोगां गेलीत ती खंय ऱ्हवली होती? ह्या घरात ऱ्हवूक नाय, पाळण्यात ऱ्हवूक नाय. थंयच ऱ्हवली तितके दिस. तेंचा दुसरा घर नाय. तां घर मोडूक मी देवचंय नाय.'

मी तुझ्या हातातली चंची काढून घेतली. पण मनात म्हणत होते, मूर्ख आहे ही, हट्टी आहे, मरेल अशाने.

आज अर्ध्या वेळी वाटतं, काढली असतीस तर आज असतीस. चुलीपुढे असतीस, माझ्यावर खेकसली असतीस. आणि अर्ध्या वेळी वाटतं, नाही, तू बरोबर होतीस. तुझं बरोबर होतं हे मालवणच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं की. तू बरोबर होतीस आणि तरी मेलीस, वयनी. ह्याचं मी काय करू? कुठे ठेवू हे?

मालवणात दवाखान्यात बाईमाणूस डॉक्टर आली आहे असं मला शाळेच्या कामाला गेले तेव्हा कळलं. तुला न्यायचं तर घरात सांगायचं काय? मी सांगितलं, शाळेचे नकाशे आणायचेत, ओझं आहे, वयनी सोबतीला हवी. आये म्हणाली, 'तिची कमर दुकता मा, ती ओझां काय उचलतली?' तू म्हणालीस, 'नकाशे हलके असतत.' खाडीतून होडीने पलीकडे गेलो. होडीत तू अवघडून एका कडेला बसली होतीस, आणि वल्हेकरी म्हणत होता, बाये, मध्ये बस, होडी कलंडात.

डॉक्टरीणबाई तुझ्याशी बोलल्या. माझ्याशी नाही, तुझ्याशी. तपासून झाल्यावर हात धुता धुता म्हणाल्या, 'तुमच्या गर्भाशयाला काही झालेलं नाही. ते चांगलं आहे. त्याला धरून ठेवणारे जे बंध असतात ते सैल पडलेत, बाळंतपणात आणि नंतरच्या कष्टांत.'

तू माझ्याकडे असं पाहिलंस की काय सांगू! कोंबडा आरवावा तशी मान वर. 'आयकलंस? दोरी!'

मग त्यांनी समजावून सांगितलं. पिशवी काढणं हा एक उपाय आहे, पण एकटाच नव्हे, आणि तुमच्या वयाला पहिला तर नव्हेच. एक म्हणजे आतले स्नायू आवळायचे आणि सोडायचे, लघवी अर्ध्यावर धरून ठेवताना आवळतो तसे. रोज, पुष्कळदा, चिकाटीने. थोडंसं उतरलं असेल त्यांना त्याने पुष्कळ गुण येतो. तुमचं जास्त उतरलंय, तुम्हाला तेवढ्याने भागणार नाही, पण करायचंच. दुसरं, हे रबराचं कडं. आत बसवलं की पिशवी वर टेकून राहते. ह्याने बरं होत नाही, पण आधार मिळतो. मात्र दर काही महिन्यांनी माझ्याकडे येऊन काढून, धुऊन, आत जखम नाही ना बघून परत बसवायचं. विसरायचं नाही. तसंच राहिलं तर आत रुतेल, सडेल, जिवावर बेतेल. आणि तिसरं, शस्त्रक्रिया. मुंबईला बायकांच्या इस्पितळात करतात. पिशवी वर उचलून, तुमच्याच पोटाच्या पडद्याच्या पट्ट्यांनी बांधून टाकतात. पिशवी जागच्या जागी राहते. पुढे मूलही होऊ शकतं.

'होऊ शकता?' तू विचारलंस. तुझा आवाज किती बारीक झाला होता.

'होऊ शकतं. खात्री कोणी देणार नाही. पण वाट बंद होत नाही.'

परतताना होडीत तू बरोबर मध्ये बसलीस, मांडी घालून.

ते एक वर्ष, वयनी! ते वर्ष मला कोणी परत दिलं तर मी माझी नोकरी, माझं घर, सगळं देईन. तू बसून जेवायला लागलीस. ओरपायला लागलीस. बाबा परत खाकरायला लागले, आणि मला ते खाकरणं ऐकून रडू यायचं. शिमग्याला तू मांडावर, गावासमोर, फुगडी घातलीस. पेजेला आधण येईपर्यंत चुलीपुढे बसून तू आपले स्नायू आवळायचीस आणि मला डोळा मारायचीस. एकदा देवळात आरती चाललेली, आयेच्या शेजारी हात जोडून उभी, आणि माझ्या कानात म्हणालीस, 'आता पण करतंय.' मला हसू आवरेना. आयेने चिमटा काढला तो मला, तुला नव्हे. नकाशे, खडू, मंदाच्या बांगड्या, माझ्या चष्म्याची काडी, काय काय निमित्तं काढून आपण मालवणला गेलो! बाई कडं धुऊन परत बसवायच्या. प्रत्येक वेळी म्हणायच्या, 'शस्त्रक्रियेचं मनावर घ्या.' आणि तू घेतलंस. मुंबईत महाराष्ट्राचं राज्य झालं म्हणून गावात पेढे वाटले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादा आला आणि तुला न्यायला तयार झाला. पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या आत निघायचं ठरलं. तू लुगडी धुऊन, घडी घालून ठेवलीस.

आणि मग आपल्या घरची रीत आडवी आली.

आपल्या घरचं माणूस दर्या ओलांडून जायचं तर देवाला विचारल्याशिवाय जात नाही. त्यात बाबा देवस्थानचे मानकरी. गावाचं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच, त्यांच्याच तोंडून. घरच्या सुनेला कौल न लावता बोटीत बसवली तर गाव काय म्हणेल? आणि गाऱ्हाणं म्हणजे काय मनातल्या मनात घालायचं असतं? दहा माणसांत, मोठ्याने, खणखणीत आवाजात घालायचं असतं. बाबांनी आयेला विचारलं, सुनेला कसलं दुखणं म्हणून मुंबईला नेतायत? आयेने सांगितलं, 'कमरेचा.' बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

आपण बायका सभामंडपाच्या खाली उभ्या होतो. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, डावीकडे आणि उजवीकडे. बाबांनी हात जोडले. बाबांचा आवाज तर तू ऐकलायस, नगाऱ्यावर हात पडावा तसा.

'बा देवा महाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी आसत. तुज्या ह्या लेकराची सून कमरेच्या दुखण्यान बेजार झाली आसा, ती औषदपाण्याक मुंबईक दर्यावाटेन जावक निगाली आसा. तिचा जाणा बरा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, महाराजा!'

'व्हय महाराजा!' सगळे पुरुष एका सुरात म्हणाले.

पाकळी पडली. डावी.

दादाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाबा म्हणाले, 'देवान नको म्हटल्यान.' झालं. संपलं.

घरी येताना पायवाटेवर तू माझ्या पुढे चालत होतीस. मला वाटलं रडत असशील. जवळ येऊन बघते तर तू हसत होतीस. 'देवाचो काय दोष गो सुमा? तेका कमरेचा इचारल्यानी, तेना कमरेचा सांगल्यान. माजी कमर बरी आसा. तिका कित्याक मुंबई?'

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन बाबांना खरं सांगते. पुन्हा कौल लावू दे, खरं नाव घेऊन. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. 'नको. तुज्या बापाशीच्या तोंडातून भर देवळात माजां आंग निगतला, आणि गावचे पुरुष व्हय महाराजा म्हणतले? मी दुसऱ्या दिवशी खंयच्या तोंडान पाणी भरू?' मी म्हटलं, मरशील अशाने. तू म्हणालीस, 'मरान. पण झाकलेला ऱ्हवांदे. तुका मंदाची शपथ आसा, सुमा. मंदाची शपथ, बाबांका सांगशीत तर.'

मंदाची शपथ! कोणतं हत्यार कुठे चालवायचं ते तुला बरोबर ठाऊक होतं. गर्भाशय देणार नाही म्हणून मोठ्या डॉक्टरापुढून उठून आलेली तू, आणि त्याचं नाव घ्यायची तुला लाज. ह्या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, वयनी. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. दादावरही रागावते. 'दिवाळीत बघूया' म्हणाला आणि शेवटच्या बोटीने गेला.

पुढचं मला लिहवत नाही, पण तुझ्या-माझ्याशिवाय ते कोणाला ठाऊक आहे? कौल डावा पडला म्हणून आयेने तुला मालवणलाही जाऊ दिलं नाही. 'देवान नको म्हटल्यान मा, मगे खाडी तरी कित्याक वलांडूची?' मी नकाशे म्हटले, खडू म्हटले, चष्मा म्हटला. 'तू एकटी जा.' एकटी गेले. बाईंनी विचारलं, त्या कुठे आहेत? मुदत उलटून गेलीय, कडं काढायला हवं. मी परत येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, 'पाऊस जावंदे.' मग पाऊस लागला, खाडी तांबडी झाली, होडी काठावर उलथी पडली. तुझ्या लुगड्यांना वास यायला लागला. तू ती घरातल्या बायकांच्या आधी उठून धुवायचीस. मी म्हटलं, मी काढू का कडं? तू प्रयत्न करू दिलास, आणि मला ते हलवतासुद्धा आलं नाही. रुतलं होतं. तू दातात पदर धरला होतास. मी हात मागे घेतला. मग थंडी वाजून ताप. मग लघवी बंद. मग तुला घोंगडीच्या डोलीत घालून भर दुपारी चार माणसांनी खाडीवर नेली. पलीकडे मालवणची कौलं दिसत होती, वयनी. दिसत होती. वल्हेकरी म्हणाला, 'ह्या पाण्यात होडी घातलंय तर सगळीच जातली.' त्याचंही काही खोटं नव्हतं. डोली परत फिरली. वाटेत तू मला म्हणालीस, 'सुमा, घर मोडलां नाय मा?' मी म्हटलं, नाही वयनी, नाही मोडलं. त्यानंतर तू बोललीच नाहीस.

दादा मुंबईला, आगबोटी बंद; तुला आंघोळ घातली ती आये आणि मी. आयेने पाहिलं. सगळं पाहिलं. तिचा हात थांबला, गडू हातातच राहिला. मग तिने घाईघाईने तुझ्यावर नवं लुगडं ओढलं आणि बाहेर जाऊन बायकांना सांगितलं, 'कमर गो, कमर.'

आता आजचं सांगते.

सुतक फिटलं म्हणून बाबा सकाळी देवळात गेले. आम्हीही गेलो. पुरुष जमले. बाबांनी हात जोडले, आणि तुला सांगते, त्यांचा आवाज फुटला होता. तुझ्यावर त्यांची माया होती, खोटं कशाला बोलू. 'बा देवा महाराजा! आमच्या घरची लक्ष्मी कमरेच्या दुखण्याचा निमित्त करून तुया नेलंस. तिच्या जिवाक शांती दी महाराजा, आणि मागच्या लेकराक सांबाळ महाराजा!'

'व्हय महाराजा!'

मी मंडपाची पायरी चढले. कशी चढले ठाऊक नाही. बाबांच्या बाजूला उभी राहिले आणि हात जोडले.

'बा देवा महाराजा! कंबर नव्हती, महाराजा. तुका खोटा सांगल्यानी. तिचां आंग भायर येय होता. गर्भाची पिशवी. लावणीत, कांडणात, पाण्याच्या कळश्यांत ती खाली उतारली. तेका औषद होता, आधाराक रबराचा कडां होता, महाराजा. ती काडूची गरज नव्हती, वर बांदून मिळा होती. आमी तुका कमरेचा इचारलंव, आणि तू कमरेचा सांगलंस. हेच्यात तुजो दोष नाय. पण आता खरां काय तां आयकून घे, महाराजा!'

गाऱ्हाणं संपलं की 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. मी थांबले. वयनी, कोणी म्हटलं नाही. एकानेही नाही. गुरव पायाकडे बघत होता. बाहेर पागोळ्या पडत होत्या तेवढाच आवाज. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवाकडे, मग उपरणं तोंडाला लावून खांबापाशी खाली बसले. इतकं म्हातारं झालेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

शपथ मोडली. मंदाला काही होणार नाही. तू तिथून बघून घे, तेवढं तरी कर. ती आता तुझी जागा धरून झोपते, आणि सकाळी उठली की विचारते, आई पाण्याला गेली काय. मी रोज हो म्हणते.

देवळातून निघाले ती एकटीच. वाटलं, आता ह्या घरात मला जागा नाही. नसू दे. तू नाहीस त्या घरात मी राहून काय करू? बांधावर आले तर मागून चिखलात पाय वाजले. आये होती. तिला चालवत नव्हतं तरी ती माझ्या मागे मागे येत होती. मी म्हटलं, बोल, काय शिव्या द्यायच्या त्या देऊन टाक. ती उभी राहिली. एका पायावर कलून, वयनी. तू उभी राहायचीस अगदी तशी.

'सुमा,' ती म्हणाली, 'तां रबराचा कडां माका बसात काय?'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. 'तुका? तुका कित्याक?'

'माका पण आसा.'

'केवापासून?'

तिने पदराने तोंड पुसलं. 'तू झालंस तेवापासून.'

म्हणजे माझं सगळं आयुष्य, वयनी. मी रांगले, चालले, शिकले, लग्न होऊन गेले, परत आले, आणि ती माझ्या जन्माचं ते ओझं खाली उतरलेलं घेऊन लावणी लावत राहिली. आणि तुला म्हणाली, माका काय झाला. मला तिचा गळा दाबावासा वाटला आणि तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिचा हात धरून बांध उतरवला.

पाऊस ओसरलाय. वल्हेकऱ्याने होडी सुलटी केली आहे. उद्या आयेला घेऊन मालवणला जाते. आज घरी येताना वाटेत तिने विचारलं, 'घरात काय सांगान जावचा?' मी म्हटलं, खरं सांगून. चिखलातून पाय उपसत ती म्हणाली, 'तुज्या वयनीक नेताना खरां सांगूक व्हया होता.'

व्हय महाराजा, मी म्हटलं.